मावशी राजी कधी झाली?

फणसवाडीतल्या सुनंदाबाई नवऱ्यावर इतक्या संतापल्या होत्या, की समोरचा चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

दृष्टी अधू झाल्यापासून मनमोहनराव त्यांना रोज दुपारी वाचून दाखवत. तेही त्यांचा लाडका, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज कादंबरीकार. त्या गृहस्थाने चाळीसच्या वर जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या, पण सुनंदाबाईंना त्यातलं एक पान कधी जास्तीचं वाटलं नाही. पाद्र्याच्या घरची जेवणं, इस्टेटीची भांडणं, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, सगळं कसं सावकाश, वाडीतल्या ओट्यावर बसून ऐकावं तसं. त्या माणसांची त्यांना सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त काळजी असे.

आज नायिकेचं लग्न लागलं, तर पहिल्या बाकावर तिची मावशी हजर! हीच मावशी परवा-परवा ‘त्या कफल्लकाशी लग्न केलंस तर तोंड पाहणार नाही’ म्हणून थयथयाट करत होती.

“अहो, मावशी राजी कधी झाली?”

“झाली असेल मधे कधीतरी.”

“मधे म्हणजे?”

सुनंदाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि खुणेची फीत चाचपली. कालच्यापेक्षा ती चांगली बोटभर पुढे सरकली होती.

मनमोहनरावांचा जन्म सॉलिसिटरच्या ऑफिसात गेला होता. लांबलचक दस्तऐवजातला मुद्दा तेवढा काढून साहेबापुढे ठेवायचा, हेच त्यांचं काम. घरीही त्यांनी तेच केलं. जेवणं गाळली, पत्रं गाळली, मावशीचं मन वळलं ती अख्खी प्रकरणं गाळली.

“दोन वर्षं मला नुसता सारांश ऐकवताय! आणि मी वेडी, तुमचा घसा बसतो म्हणून आलं-मध देत होते!”

मनमोहनरावांनी चष्मा काढून पुसला.

“अगं, केवढी पुस्तकं आहेत ती. मी आता ऐंशीचा झालो. म्हटलं, माझा आवाज आहे तोवर तुझी सगळी संपवावीत.”

हे ऐकून सुनंदाबाईंचा राग उतरला नाही, उलट भडकलाच. डोळे भरून आले, त्याचाही त्यांना संताप आला.

“संपवायची होती कुणाला?” त्या ओरडल्या. “पहिलं पुस्तक काढा. पहिल्या पानापासून वाचा. एक ओळ गाळलीत तर याद राखा!”

मनमोहनरावांनी पुस्तक काढलं. सुरुवातीलाच चर्चच्या आवाराचं दीड पान वर्णन होतं. त्यांनी ते सगळं वाचलं.