किशनचा नारळ

माझा जुना मित्र किशन गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला, मुलाच्या घरी होतो. मुखेडची एसटी धरून पोचलो तोवर माती झाली होती. चार आठवडे झाले. गावातले लोक त्याच्याविषयी बोलतात ते ऐकवत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्या गावाबाहेर महाराजांचा मठ आहे. गुरुपौर्णिमेला प्रत्येकानं पादुकांपुढे नारळ द्यायचा, तो तिथंच फोडायचा. महाराज सांगत, शेंडी म्हणजे ताठा, करवंटी म्हणजे मीपणा. ती फुटली की आतलं पांढरं मन गुरूला वाहायचं. ऐकायला किती सोपं... आम्ही त्याचा उलटा अर्थ शिकलो. ज्याचा नारळ नासका, त्याचं मन नासकं.

तीसेक वर्षांपूर्वी एका गुरुपौर्णिमेला पाद्यपूजेचा मान किशनला ठरला होता. नारळ फोडायला मी बसलो होतो. आमचे दोघांचे नारळ शेजारी ठेवलेले. पहिला माझाच फोडला आणि घाण वास सुटला. आतून काळा. जुने सेवेकरी पुढं वाकले, "कुणाचा हो ह्यो?"

मी शाळामास्तर. समोर माझे विद्यार्थी, त्यांचे आईबाप. तोंडातून निघून गेलं, "किशनचा."

किशन बाजूलाच उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग हात जोडले. "हाव, माझाच हाय."

किशनचा मान माझ्याकडं आला, पाद्यपूजा मी केली. महाराजांच्या पायावर पाणी घालताना मी मान वर केलीच नाही. लोकांना ती भक्ती वाटली. पोरं किशनला 'नासका' म्हणू लागली, त्यात माझ्या वर्गातलीही होती. मी एकालाही दटावलं नाही. किशन मठात येत राहिला, पण केळी घेऊन. एकदा न राहवून विचारलं, तर हसला. "केळ बरं असतंय मास्तर, सोलून बघता येतंय." मी तेव्हाही गप्प बसलो... तेव्हा बोलायला हवं होतं.

दहाव्याला त्याच्या बायकोसमोर बसून सगळं सांगितलं. वहिनींनी पदर सावरला.

"आमच्या नारळाला मी पिवळा दोरा गुंडाळला होता, भाऊजी. घरी आल्यावर त्यांनी त्यो दोरा माझ्या हातात दिला. म्हणले, आपला गोड निघाला."

"मग बोलला का नाही?"

"मी लई भांडले. तर म्हणले, मास्तरला पोरं शिकवायची हायत, त्याला नाव ठेवलं तर त्याचं ऐकतील का..."

परवा गुरुवारी आरतीनंतर मी मठात उभा राहिलो आणि भरल्या सभेत सांगितलं, नासका नारळ माझा होता, किशनचा नव्हता. मला वाटलं होतं, लोक थुंकतील. जुनी माणसं फारशी उरलेली नाहीत. जी होती ती खाली बघत राहिली. प्रसाद वाटणारा तरुण मात्र गोंधळला.

"काका, कंचा नारळ? आमी तर समजून राहिलो, नासके त्यांचं आडनावच हाय. नातवालाबी तसंच म्हणतेत की सगळे."

"पवळे," मी म्हणालो. "त्यांचं आडनाव पवळे."

त्यानं मान हलवली आणि माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून तो पुढच्या माणसाकडं गेला.