सलग नंबरांच्या सव्वीस डिस्क

रुओकोसाल्मी नगरपालिकेच्या तळघरात तैस्तो लिपास्ती तीस वर्षं सर्व्हर सांभाळत होता. माणूस सरळ, निर्व्यसनी आणि इतका नीटनेटका की बघणाऱ्याला जीव नको व्हावा. त्याच्या घरामागची सरपणाची रास बघायला लोक थांबत. एक ओंडका दुसऱ्याहून बोटभर लांब निघाला तर तैस्तोला चैन पडत नसे. बोलणं मात्र बेताचं. सकाळी ‘हं’, दुपारी ‘बरं’, निघताना नुसती मान. आमच्या गावात याला घुमेपणा म्हणत नाहीत, सभ्यता म्हणतात.

पाच वर्षांपूर्वी नगरपालिकेने सर्व्हरच्या बाहेर ठेवायचं डिस्कचं एक मोठं कपाट घेतलं. चोवीस डिस्क कामाला, दोन राखीव. गावाचे नकाशे, शाळांचे निकाल, पाण्याच्या नोंदी, सगळं त्यात जायचं होतं. कपाटाची खुबी अशी, की एखादी डिस्क मेली तर बाकीच्या मिळून तिच्यावरचा मजकूर जुळवून देतात आणि राखीव डिस्क तो उतरवून घेते. दोन मेल्या तरी भागतं. त्या भरून निघायच्या आत तिसरी मेली, की सगळंच गेलं.

विकणाऱ्याने डिस्क मुद्दाम तीन वेगवेगळ्या खेपांमधल्या पाठवल्या होत्या. तैस्तोने खोकी उघडली, नंबर वाचले आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. सव्वीसांपैकी अकरांचे नंबर भलतेच! त्याने सगळ्या परत धाडल्या. विकणाऱ्याने फोन करून परोपरीने समजावलं, की बाबा रे, एका घाण्यातला माल करपला तर सगळा एकदमच करपतो, म्हणून आम्ही मिसळून देतो. तैस्तोने पूर्ण ऐकून घेतलं, ‘हं’ म्हणाला आणि सलग नंबरांच्याच मागितल्या. सहा आठवड्यांनी आल्या. एका माळेचे सव्वीस मणी. दोन दिवस खपून त्याने कपाट लावलं, खणाखणावर छापील चिठ्ठी डकवली, आणि त्या दिवशी म्हणे तो चक्क शीळ घालत घरी गेला.

त्याच इमारतीत वर दफ्तरखाना होता आणि तिथे हिल्क्का रेपो. हिने आठ वर्षं एकच काम केलं होतं. युद्धात घरदार सोडून सीमेपलीकडून आलेल्या म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं, कॉफी प्यायची आणि ते जे सांगतील ते कॅमेऱ्यात टिपायचं. दोनशे बारा माणसं. त्यातली आता जेमतेम नऊ हयात. तैस्तोने तिच्याकडच्या सुट्या डिस्क गोळा केल्या, सगळ्या चित्रफिती कपाटात चढवल्या आणि त्या जुन्या डिस्क कचऱ्याच्या पेट्यांत टाकल्या, पत्रा वेगळा, स्क्रू वेगळे. यात चूक काढायची कोणाची छाती नाही.

हिल्क्काने एकदा विचारलं होतं, बाकीच्या खात्यांसारखी आपल्याही चित्रफितींची रोज दुसरीकडे नक्कल होते ना? खरं तर तैस्तोने दफ्तरखाना त्या यादीतून वगळला होता. चित्रफितींचा एवढा डोंगर रोज कशाला उपसायचा? चोवीस डिस्क एकमेकींना सांभाळून असताना आणखी नक्कल म्हणजे कपाटावर अविश्वासच. तो तिला ‘बरं’ एवढंच म्हणाला. आमच्याकडे ‘बरं’ म्हणजे वचन. तीही निर्धास्त झाली, आणि याला वाटलं, अतिशहाण्यांना काय समजावत बसायचं. यातला अतिशहाणा कोण, ते पुढे कळलंच.

जुलैत आमचा देश सुट्टीसाठी बंद असतो. जो तो आपापल्या तळ्याकाठी. अशाच एका सोमवारी सातवी डिस्क मेली. राखीव डिस्क पुढे सरसावली, तैस्तोने समाधानाने मान हलवली. पण एक भरून काढायची तर बाकीच्या सगळ्यांना अथपासून इतिपर्यंत वाचायला लागतं. पाच वर्षं सावलीत बसलेल्यांना एकदम नांगराला जुंपलं. बुधवारी सकाळी आठवी गेली. विकणाऱ्याला फोन लावला तर उत्तर मिळालं, दोन ऑगस्टला भेटू. कपाट बनवणाऱ्यांनी नऊ ऑगस्ट सांगितलं. नगरपालिकेच्या प्रमुख बाई कुठल्याशा बेटावर. उरलेल्या डिस्क एकाच दिवशी जन्मल्या आहेत हे तैस्तोला आता नको तितकं आठवायला लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

इतर सगळ्याची नक्कल होती. दफ्तरखान्याची नव्हती. त्याने गावातल्या दुकानातून दोन मोठ्या डिस्क आणल्या, जन्मात पहिल्यांदा दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या, आणि हिल्क्काच्या तळ्याकाठच्या घरी फोन लावला.

“हिल्क्का, कपाट मरतंय. तुझ्या माणसांची नक्कल नाहीये. मीच ठेवली नाही.”

मी असते तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. हिल्क्काने एवढंच विचारलं, “किती वाचतील?”

“सांगता येत नाही. एकेक उतरवतो. आधी कोण, ते तू सांग.”

तिने दहा मिनिटं मागून घेतली आणि मग नावं सांगायला लागली. पहिला एमेली. हा चार तास कॅमेऱ्यासमोर बसला होता, त्यातले साडेतीन तास भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीचे. दुसरी बाई त्याच्याहून गप्प. अशी मुकी माणसं वीसभर झाल्यावर तैस्तोला राहवेना. यात आहे तरी काय, असं तो विचारून बसला.

“बोलकी माणसं सगळ्यांना सांगून गेली रे,” हिल्क्का म्हणाली. “ही एकदाच बोलली, तीही माझ्यापाशी.”

तैस्तो मुकाट लिहीत राहिला. आयुष्यातलं त्याचं सर्वांत लांब संभाषण ते, पावणेदोन तासांचं. शेवटचं नाव आलं, लेम्पी रेपो. तो थबकला.

“आई माझी. आता नाही ती,” हिल्क्का म्हणाली. “तिला राहू दे शेवटी. तिचं मला तोंडपाठ आहे.”

शुक्रवारी दुपारपर्यंत दोनशे अकरा जणं सुखरूप उतरली. लेम्पीबाई अर्ध्यात होत्या तेव्हा आणखी एक डिस्क गेली, मेलेल्यांतली तिसरी. उतरलेला अर्धा भागही उघडेना. तैस्तोने कपाट दुरुस्तीला धाडलं. हिल्क्काने तेवढी एक आशा धरली.

सप्टेंबरात त्याला तीस वर्षांच्या सेवेचं मानचिन्ह मिळालं. केक होता, कॉफी होती. प्रमुख बाईंनी भाषणात सांगितलं, की ऐन सुट्टीत एवढं संकट आलं तरी तैस्तोच्या दूरदृष्टीमुळे एकाही खात्याचं काम एक दिवस अडलं नाही. ते खरंच होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तैस्तोने केक खाल्ला. दुरुस्तीवाल्यांचं पत्र त्याच्या खिशात सकाळपासून होतं. ते घेऊन तो वर दफ्तरखान्यात गेला.

“काही निघालं नाही,” तो म्हणाला.

हिल्क्काने टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, “असू दे. तुझ्या फोनवर टिपून घे, आईचं मी सांगते. दोन्ही डिस्कवर चढव.”

त्याने फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण सुरू केलं. हिल्क्काने हात मांडीवर घेतले आणि थेट आईच्या बोलीत सुरुवात केली. स्टेशनावर बर्फ. आई सात वर्षांची, हातात गाईचं दावं. गाय काही केल्या मालडब्यात चढेना. मागून माणसं ओरडतायत, गाडी सुटायला आली. तेव्हा आजोबा डब्यात चढले आणि आतून त्यांनी गाईला नावाने हाक मारली...

हिल्क्का थांबली. पुन्हा स्टेशनापासून सुरुवात केली आणि तिथेच येऊन थांबली.

“गाईचं नाव घेतलं होतं तिने,” ती हळूच म्हणाली. “दोनदा. घेताना हसली होती.”

फोन चालूच होता. तिने तैस्तोकडे पाहिलं.

“तुझ्याकडे कुठेच नाही, तैस्तो?”

“कुठेच नाही.”