न पाळलेला कुत्रा

जळगावच्या एसटी स्टँडमागे आमचं भाड्याचं घर होतं. स्टँडच्या कंपाउंडला एक भगदाड पडलेलं होतं आणि ते बरोबर आमच्या ओट्यासमोर उघडायचं. आईचं माहेर असोदा. असोद्याचा माणूस कोर्टात निघालेला असो, दवाखान्यात किंवा बाजारात, तो भगदाडातून वाकून बाहेर यायचा, आमच्या ओट्यावर टेकायचा, पाणी प्यायचा, पिशवी ठेवायचा आणि “अक्का, जेवाले येतोच” म्हणून पुढे जायचा. आई भाकऱ्यांचं पीठ काढताना घरातली माणसं धरायचीच नाही, बसचं टाइमटेबल धरायची.

वडील पाटबंधारे खात्यात कारकून. ऐन ऑफिसच्या वेळेला त्यांच्याच न्हाणीत असोद्याचा कुणीतरी अंग चोळत बसलेला असायचा आणि हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळत. “हे घर आहे की प्लॅटफॉर्म?” असं ते रोज विचारायचे. उत्तर कुणी देत नसे, कारण सगळे जेवत असायचे.

मध्ये काही वर्षं त्यांची धुळ्याला बदली झाली होती. तिथल्या सरळसोट, नंबर घातलेल्या गल्ल्या पाहून ते जे भारावले ते भारावलेच. जळगावला परत आल्यावरही कुठल्याही वाकड्या बोळात शिरलं की म्हणायचे, “धुळ्याला बघा, कशी आखणी आहे!” आई म्हणायची, “त्या आखलेल्या गल्ल्यांतही घरोघर ओटे होते आणि ओट्यांवर माणसं बसायची. ती नाही का दिसली तुम्हाला?” वडिलांना ती दिसली नव्हती. त्यांना फक्त रेषा दिसायच्या.

अखेर ऐंशीचं दशक सरता सरता त्यांनी असोदा रोडला, शेतं मोडून पाडलेल्या एका कॉलनीत प्लॉट घेतला. रोडचं नाव ऐकूनच आई तयार झाली. ऑफिसातल्या ओव्हरसियरने नकाशा काढून दिला. चहूबाजूंनी मोकळी जागा, आईच्या डोक्याहून उंच भिंत, लोखंडी फाटक. ओटा नाही. नव्या पद्धतीत ओटा बसत नाही म्हणे. कॉलनीतल्या प्रत्येक फाटकावर असते तशी ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटीही वडिलांनी पेंटरकडून करून घेतली. त्यावरचा कुत्रा दात आलेल्या शेळीसारखा दिसायचा. खरा कुत्रा आणायचा प्रश्नच नव्हता. एक तर वडील कुत्र्यांना घाबरायचे, आणि दुसरं म्हणजे घरात आणखी एक खाणारं तोंड त्यांना चाललं नसतं.

कॉलनी देखणी होती. रस्ते इतके रुंद की संध्याकाळी एखादी म्हैस मधोमध फिरायला निघे आणि तिला कुणी आडवं येत नसे. दुकान एकही नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटरला किक मारावी लागायची. आणि पाहुणा? नाव नको.

असोद्याची बस मात्र रोज आमच्या भिंतीवरून धुरळा उडवत जायची. स्टॉप नव्हता, त्यामुळे थांबायची नाही. बसचा आवाज आला की आई हातातलं काम टाकून पळायची, बादली पालथी घालून तिच्यावर चढायची आणि भिंतीवरून डोकं काढून हात हलवायची. खिडक्यांतून हात हलायचे. मग मंडळींनी एक युक्ती काढली. चालत्या बसमधून भिंतीच्या आत वांगी यायला लागली. असोद्याची भरताची वांगी, अंगावर पडली तर माणूस बसेल अशी. एकदा एक थेट वडिलांच्या पेपरात येऊन पडलं. त्यांनी निमूटपणे ते उचलून स्वयंपाकघरात ठेवलं. भरत त्यांना आवडायचंच.

एकदा त्या म्हशीने बस अडवली तेव्हा आई फाटकातून धावत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “भाऊ, इथं थांबवत जा ना बस.” ड्रायव्हर सोनगीरकडचा. तो म्हणाला, “अक्का, आठे स्टॉप नही शे.”

“मग करा ना स्टॉप.”

“लोके उभा ऱ्हातीन तवय स्टॉप व्हई.”

बस थांबल्याशिवाय लोक कशाला उभे राहतील, हे आई विचारेपर्यंत म्हैस बाजूला झाली होती.

जे आईच्या विनवणीने झालं नाही ते वडिलांच्या नळाने झालं. पाण्याची लाइन रस्त्याच्या पलीकडून होती. वडिलांनी रीतसर परवानगी काढून रस्ता आडवा खणून घेतला आणि वर माती-मुरूम ओढून बुजवला. तिथे एक उंचवटा राहिला. पहिल्या दिवशी बस त्यावरून अशी उडाली की टपावरच्या केळीच्या घडांनी खाली उडी मारली. त्यानंतर ड्रायव्हर तिथे बस अगदी चालवत नव्हे, तर चालत न्यायचा. लोक टणाटण उतरू लागले, चढू लागले. चढणारे आहेत म्हटल्यावर समोरच्या निंबाखाली चहाची टपरी आली, टपरी आली म्हणून पंक्चरवाला आला, मग कोथिंबीरवाली. कॉलनीतली जी माणसं वर्षभर एकमेकांची फक्त फाटकं ओळखत होती, ती निंबाखाली फरशीच्या तुकड्यांवर बसून राजकारण करू लागली. “माझ्याच नळाने घात केला,” वडील म्हणाले.

पण आमच्याकडे कुणीच आलं नाही.

आईचं माहेर तिच्या फाटकासमोर उतरायचं, टपरीवर चहा प्यायचं, लांबून तिला हात करायचं आणि शहरात निघून जायचं. आई जुन्या मापाने भाकऱ्या थापायची आणि वडील दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीचा कुस्करा खायचे. “आपलं काय चुकलं असेल?” असं तिने मला एकदाच विचारलं. जाऊन त्यांना विचार म्हटलं तर म्हणाली, “माहेरच्याला का कुणी आमंत्रण देतं?” मग एक दिवस बसचा आवाज आला आणि ती उठली नाही. बादली न्हाणीत परत गेली. मला त्या भिंतीचा आणि भिंत बांधणाऱ्याचा असा राग आला की दोन दिवस मी वडिलांशी बोलले नाही.

त्यांनाही ती बादली दिसली असावी. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला जायला निंबाखाली उभी होते, तर ते रस्ता ओलांडून टपरीवर आले. तिथे आईचे चुलते, नाना, बशीतला चहा फुंकत बसले होते. वडिलांनी विचारलं, “नाना, घरी येत नाही तुम्ही?”

“पाव्हने, येनं तं व्हतं,” नाना म्हणाले. “पन तुमचं कुत्रं… पाटीवर लिव्हेल हाये ना. मले मांगं एक चावलं व्हतं. पोटात इंजेक्शनं घेतल्ली. आता हिंमत नही. आमी साऱ्या गावाले सांगून ठेवलं, अक्काकडे जायाचं नही.”

टपरीवर निम्मी कॉलनी बसलेली. पाटी खोटी आहे हे सासुरवाडीसमोर आणि शेजाऱ्यांसमोर कबूल करायचं? वडिलांनी घसा खाकरला. “ते… गेलं.”

नानांनी डोक्यावरची टोपी काढली.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी उंचवट्यावर असोद्याची बस पूर्ण थांबली आणि अर्धं गाव आमच्या दारावर आलं. बायांचे पदर डोक्यावर. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून कुणी पिठलं-भाकरी बांधून आणलेली. वडिलांनी आईला काहीच सांगितलेलं नव्हतं. माझी मामी तिच्या गळ्यात पडून “व्हयाचं ते झालं, अक्का” म्हणाली तेव्हा आई पांढरीफटक पडली. कोण गेलं? मी तिच्या कानात सांगितलं. आईने पदर तोंडावर ओढला आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. बाया म्हणाल्या, रडू द्या, मोकळी होईल.

वडील पुरुषांत मान खाली घालून बसले होते. कशाने गेलं, असं कुणी विचारलं. “म्हातारं झालं होतं,” ते म्हणाले. मग नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“पन पाव्हने, राखन मोठी चांगली केली त्यानं. घर बांधलं तव्हापासून एका मानसाले मधी येऊ नही देल्लं.”

वडिलांनी मान वर केली, भिंतीकडे पाहिलं.

मंडळी जेवूनच गेली. रविवारी वडील कुठूनशी पहार घेऊन आले आणि भिंत बसण्याएवढी उरेपर्यंत स्वतः फोडत राहिले. पाटी उलटी करून मागच्या बाजूला त्यांनी ऑफिसच्या वळणदार अक्षरात ‘असोदा बस थांबा’ लिहिलं आणि निंबाला ठोकली. सोनगीरचा ड्रायव्हर शेवटपर्यंत स्टॉप नही शे म्हणायचा आणि थांबायचा.

न्हाणी पुन्हा कधी रिकामी सापडली नाही. ऑफिसच्या वेळेला वडील टॉवेल खांद्यावर टाकून त्या भिंतीवर बसून असायचे, येणाऱ्याला “आत चला, भाकरी टाकलीय” म्हणायचे. कुणी कुत्र्याची आठवण काढलीच, तर आईकडे न बघता म्हणायचे, “गेला ते बरं झालं.”