वर उभा राहिलेला माणूस

माझा भाऊ एक खोटं नीट बोलला असता तर आज गावात सुखानं राहिला असता. पण त्याला बोलायचंच जमत नाही. माझं तोंड मात्र लहानपणापासून चालतं, त्यात आता अकोल्याच्या बाजारात हारफुलांचं दुकान, म्हणून मीच सांगते.

माहेर हिवरखेडच्या बाजूला. घरी भाजीपाल्याचं वावर; वांगी, मेथी, कोथिंबीर म्हणजे आमचा सांभार पिकवायचो. आमच्या मागच्या आळीत गाद्या भरणाऱ्यांचं घर होतं. त्या घरचा थोरला पोरगा आणि माझा भाऊ एका वयाचे. त्याच्या आईला आम्ही सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. भाऊ आमच्या घरी निजायला यायचा एवढंच, बाकी वाढला तो खालाच्या दारात. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे डब्यात यायचा, त्याला मात्र तिथंच ताटात वाढलेला लागायचा.

उन्हाळा लागला की दोघं विहिरींचा गाळ काढायला जायचे. हे काम आमच्याकडे जोडीनं चालतं, एक खाली आणि एक वर दोरावर. आणि रीत अशी की खालच्याला काही झालं तर वरच्यानं उतरायचं. विचार करायचा नाही. जो वर उभा राहिला त्याला पुन्हा कोणी जोडीला घेत नाही, लग्नाच्या बोलण्यातसुद्धा ती गोष्ट निघते.

विहिरीत उतरणारे असेच पोट्टे हेरून एका ठेकेदारानं त्यांना, त्यात आमचे दोघंही, मुंबईच्या समुद्रात नेलं, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर टाक्या साफ करायला. "इहिरीत उतरता ना, मंग टाकीचं का भेव?" असं म्हणाला तो. जाण्याआधी ट्रेनिंग झालं. टाकीत सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू असतो, जास्त झाला की वास येणंच बंद होतं आणि माणूस कोसळतो. म्हणून सरकारी नियम असा की टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. आतला पडला तर त्यानं रेडिओवर मदत मागायची, शिटी मारायची, पण आत पाऊल टाकायचं नाही. शिकवणारा साहेब ओरडून सांगायचा, आत सख्खा भाऊ असला तरी नाही! घरी आल्यावर हे सांगताना दोघं पोट धरून हसले. "असं केलं त गावात पोरगी कोन देईन आमाले?" खालाचा पोरगा म्हणाला. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो.

मग ते झालं. खालाचा पोरगा टाकीत होता आणि माझा भाऊ तोंडाशी. हवा खेळवणारा पंखा दुसऱ्या कामाला नेलेला होता. वायू मोजायचं यंत्र फक्त तोंडाशी धरून पाहिलं, तळाशी कोणी सोडलंच नाही. अंगावरचा दोरी बांधायचा पट्टा गरमीमुळं त्यानं सोडून ठेवला आणि त्याला कोणी हटकलं नाही. श्वासाची नळकांडी भलत्याच मजल्यावर. टाकीतला गाळ मात्र समुद्रात थेंबभर सांडू नये म्हणून पिंपांत भरून, झाकणं आवळून, ओळीनं लावून ठेवलेला होता. चांगलंच आहे बाप्पा, मासे जगले पाहिजेत. माणसाच्या जिवासाठी जेवढे नियम होते त्यांतला एकच त्या दिवशी पाळला गेला, आणि तो पाळला माझ्या भावानं. रेडिओवर ओरडला, शिटी फुंकत राहिला, आत गेला नाही. नळकांडी लावलेली माणसं आली तोवर सगळं आटोपलं होतं.

पेटी गावात आली तेव्हा अख्खं गाव लोटलं. आमच्याकडे मयतीला खांदा द्यायला जात-धर्म कोणी पाहत नाही. भाऊ पुढं झाला की दुसराच कोणीतरी खांदा लावायचा. पुन्हा पुढं झाला, पुन्हा तेच. कब्रस्तानापर्यंत तो तसाच रिकामा चालत गेला. मला वाटलं, एकेकाची गचांडी धरावी.

खाला त्या दिवसांत काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हती. तिनं विचारायच्या आतच आमच्या आईनं सांगून टाकलं, "चार जनायनं धरून ठेवलं व त्याले, नाही त जातच होता मागं." आईच ती, पोराची अब्रू झाकायला बोलली. खालानं ते धरून ठेवलं. पण बोलावणं काही आलं नाही. भावाला जगात एकच गोष्ट हवी होती, खालानं एकदा "ये" म्हणावं. तिच्या दारावरून जाता यावं म्हणून तो रोज उलटा फेरा घेऊन वावरात जायचा.

सरकारी सुरक्षा खात्याचे साहेब चौकशीला हेलिकॉप्टरनं उतरले होते. वरातीमागून घोडं! भावानं त्यांना जे होतं ते सांगितलं. काम थोडे दिवस बंद राहिलं, ठेकेदाराला काढलं, तो नवी पाटी लावून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पोचला. आणि पुढच्या सुरक्षा सप्ताहात माझ्या भावाला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिलं. नियमाप्रमाणे वागल्याबद्दल! टाळ्यासुद्धा वाजल्या म्हणे. शाल त्यानं येताना शेगावला गाडीतच सोडली आणि नोकरीही सोडली. मी चिडले त्याच्यावर. "काहून सोडली रे? तुह्यं काय चुकलं?" तर म्हणतो, "ताई, नियम बरोबरच आहे. मी गेलो अस्तो त दोघं मेलो अस्तो. पन बरोबर असून का करू?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. भावासोबत वांगी तोडत होते. शेजारच्या वावरात विहिरीचा गाळ काढणं चालू होतं. पाणी उपसायला त्यांनी डिझेलचं इंजिनच विहिरीत उतरवलेलं. त्याचा धूर खाली कोंडला आणि खालचा माणूस पडला. वर दोरावर कोण? खालाचा धाकटा. बोंब ऐकली आणि भाऊ टोपलं फेकून धावला. मी पोचले तोवर धाकटा दोर कमरेला गुंडाळून कठड्यावर चढला होता. भावानं मागून त्याला कवळ्यात धरलं आणि खाली आपटलं. तो लाथा मारतोय, चावतोय, शिव्या देतोय. "सोड! तू त उभाच राहतं, मले जाऊ दे!" भाऊ त्याच्या छातीवर बसून राहिला. भोवतीच्या लोकांनी भावालाच बदडलं, पाठीवर काठ्या तुटल्या. मी मधे पडले तर दोन मलाही बसल्या. त्या गर्दीवर मी जे ओरडले ते इथं सांगता येत नाही. तेल्हाऱ्याहून बंब आला, मग खालचा माणूस वर काढला. तो केव्हाच गेला होता.

दिवस मावळायच्या आत खाला आमच्या अंगणात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मागं धाकटा मान खाली घालून उभा. भाऊ ओट्यावर बसला होता, मी त्याच्या पाठीला हळद लावत होते. तो उठला. त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं, आता रडतो हा. आई पाणी आणायला वळली.

"पानी नको," खाला म्हणाली. मग भावाला म्हणाली, "मह्या पोरानं तुले चावलं, मारलं, तरी तू सोडलं नाही. धरून ठेवनं कसं रायते, ते आज समजलं मले. त्या टाकीपाशी तुले कोनी धरलं होतं?"

"अवो सांगतलं ना, चार जनायनं..." आई घाईनं म्हणाली.

"त्याले इचारून राह्यली मी."

भावानं आईकडं पाहिलं नाही. "कोनीच नाही, खाला. मी सोताच उभा होतो."

"मह्या थोरल्यानं आवाज देल्ला होता?"

"हाव."

"तुह्यं नाव घेतलं?"

"हाव."

हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं. खालानं त्याच्या मागं जाऊन पाठीवरचे वळ पाहिले. मग तिनं पदर सारखा केला, धाकट्याचा हात धरला.

"तू बरोबर केलं, बाबू. तवाही बरोबर केलं आन् आजही बरोबर केलं," ती म्हणाली. "पन मह्या दारी येजो नको."