हाय-हॅट जरा कमी

माझा दादा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात कटिंग मशीनवर आहे. त्या मशीनचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस कानांवर हात ठेवून बाहेर पळतो. दादा ऐन तारुण्यात तिथे चिकटला तो आजतागायत तिथेच आहे. कानांवर घालायची जाडजूड कव्हरं भिंतीवर टांगलेली असतात, पण यानं ती कधी घातली नाहीत. "कान झाकले तर पातं बोथट झालंय हे कळणार कसं?" असं त्याचं म्हणणं. हे सांगताना त्याचा चेहरा असा असतो, जणू मालक सगळी मशीनं त्यालाच विचारून घेतो.

दिवसभर एवढा गोंगाट सोसून माणूस घरी आल्यावर काय करेल? झोपेल, नाहीतर भिंतीकडे बघत बसेल. दादा ड्रम अँड बेस बनवतो. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ड्रम इतके जलद, की कुणीतरी जिन्यावरून गडगडत खाली येतंय असं वाटावं, आणि त्याखाली बेस इतका जाड, की तो कानाआधी पोटात पोचतो. हे सगळं मागच्या खोलीत, लॅपटॉपवर चालतं. खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या लावल्या आहेत. पाहुणे आले की गाद्या काढाव्या लागतात, म्हणून पाहुणे बोलवायचे नाहीत असं ठरलंय. मी वरच्या मजल्यावर राहते. मला कुणी विचारलं नव्हतं.

दादाची आयुष्यात एकच इच्छा होती. आपण केलेला ट्रॅक भरल्या हॉलमध्ये एकदा तरी वाजावा. जवळच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी लोक नाचायला जमतात. तिथे गाणी लावणाऱ्याला सगळे टोपी म्हणतात, कारण तो टोपी घालतो. दादा त्याला वर्षानुवर्षं ट्रॅक पाठवत आला आणि टोपी उत्तरादाखल अंगठा पाठवत आला. या वेळी मात्र त्यानं फोन केला.

"भाऊ, ट्रॅक भारी आहे. पण तुझे ड्रम आणि बेस एकमेकांच्या पायात पाय घालतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एकदमच वाजतं, दम घ्यायला जागा नाही. आणि तुझी हाय-हॅट कान कापते रे. एवढं नीट कर, या शनिवारी वाजवतो. नाहीतर राहू दे."

पायात पाय घालण्याचं काम दादानं लगेच निस्तरलं. दारातून दोघं एकदम घुसले की अडकतात, तेव्हा एकानं थांबायचं. जिथे ड्रमचा दणका पडतो तिथे तेवढ्यापुरता त्यानं बेस दाबला. दणका मोकळा झाला आणि बेसही, गंमत म्हणजे, मोठा वाटायला लागला. मग मांडणी. मधल्या भागातून ड्रम काढायचे होते. ते काढताना त्याचा चेहरा घरातलं सामान विकायला काढल्यासारखा झाला होता. पण काढले. तिथे नुसता एक लांब सूर उरला आणि त्याच्या शेवटी ड्रम परत आले.

वहिनी दारातूनच म्हणाली, "हे बरं केलंस. आता परत आले तेव्हा कळलं, की ते होते."

राहिली हाय-हॅट. म्हणजे ड्रममधल्या त्या दोन छोट्या झांजा, टिक-टिक करणाऱ्या. दादाच्या मते ती आधीच कमी होती. त्यानं ती आणखी वाढवली. आम्ही ओरडलो तेव्हा त्यानं स्पीकरला दोष दिला, मग वायरला, मग एका गादीला. वहिनीनं कानात कापूस घातला. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्याला म्हटलं, "हा आवाज मी दिवसभर पगार घेऊन ऐकते. घरी फुकट कशाला ऐकू?" तो म्हणाला, तुला संगीतातलं काही कळत नाही. माझं डोकंच फिरलं आणि मी वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कात्री मागायला खाली आले, तर दादा फ्रिज उघडा टाकून शेजारी उभा राहून सफरचंद खात होता. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज पीक-पीक करून बोंबलत होता. आतून वहिनी ओरडली, "दार लाव!" हे त्या घरातलं नेहमीचं भांडण. पण दादाचा चेहरा इतका शांत होता, की मी कात्री विसरून त्याच्याजवळ गेले.

"तुला हा आवाज ऐकू येत नाही?"

"कुठला?"

वहिनीनं येऊन दार लावलं. पीक-पीक थांबलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग मी जे होतं ते तोंडावर सांगून टाकलं, की तुझे कान मशीननं खाल्लेत.

"तुझं काहीतरीच," म्हणत त्यानं दार पुन्हा उघडलं आणि कान लावून उभा राहिला. थोड्या वेळानं फ्रिज वाजायला लागला.

"आता वाजतोय?"

"हो," वहिनी म्हणाली.

त्यानं दार लावलं. "आता?"

"आता नाही."

दादा स्टुलावर बसला. सफरचंद हातातच राहिलं. "मग मी इतके दिवस मिक्स कसला करतोय?" असं म्हणून त्यानं टोपीला नाही सांगायला फोन काढला. मला रडू येत होतं, आणि ती कव्हरं आठवून त्याच्या पाठीत धपाटा घालावासाही वाटत होता.

वहिनीनं फोन काढून घेतला. ज्या बाईला हे संगीत डोळ्यांसमोर नको, ती मागच्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीशेजारी बसली. या वेळी कानात कापूस घातला नाही. "तू कमी करत जा. टोचतंय तोवर माझा हात वर राहील."

तो कमी करत गेला. हात वरच. आणखी कमी केलं. अखेर हात खाली आला.

"पण आता ती नाहीच आहे," दादा म्हणाला.

"आहे."

"बरी वाटतेय?"

"मला यातलं काहीच बरं वाटत नाही. पण टोचत नाहीये."

दादानं तो ट्रॅक पुन्हा ऐकला नाही. तसाच टोपीला पाठवून दिला. सकाळी कारखान्यात गेल्यावर त्यानं भिंतीवरची कव्हरं काढून घातली आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पातं बोथट झालेलं आता शेजारचा सांगतो.

शनिवारी टोपीनं शब्द पाळला. हॉल भरलेला होता. मधल्या भागात ड्रम थांबले तेव्हा नाचणारे जागच्या जागी थबकले, आणि बेससकट सगळं परत आलं तेव्हा हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला, की मीही ओरडले. कानांवर हात कुणीच ठेवले नाहीत. दादा भिंतीला टेकून, जिवाचे कान करून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण काहीतरी शोधत असल्यासारखा.

तो वहिनीकडे वाकला. "हाय-हॅट आहे ना?"

त्या गोंगाटात बोलून उपयोग नव्हता. वहिनीनं त्याचं मनगट धरलं आणि नखानं त्यावर ठोकायला लागली, टिक-टिक-टिक-टिक.

त्यानं थोडा वेळ मनगटाकडे बघितलं. मग तिच्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाला, "तू मागे पडतेयस."

"मग थांबू?"

"नको."

ती शेवटपर्यंत ठोकत राहिली. मागेच पडत होती.