खदानीतल्या शेंगा

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीची ती वर्षं. झरीच्या रस्त्यासाठी मुरूम काढून काढून आमच्या गावच्या टेकडीची पार भकास खदान झाली होती. गवतसुद्धा धरेना, म्हणून तिथं येडी बाभळ लावायचं ठरलं. परदेशातलं झाड, पाणी मागत नाही, असं वनखात्याचे साहेब म्हणाले. खड्डे खणायला मीही मजुरीवर होते. रोपं जगली तेव्हा मला कोण आनंद झाला होता! अक्कल तेवढीच.

सासऱ्यांची साठेक मेंढरं होती. उन्हाळ्यात ती लोकांच्या रानात बसवायची. लेंडीखत शेताला, बदल्यात ज्वारी आम्हाला. त्यावर घर चालायचं. खदानीत मेंढरं न्यायची नाहीत, पाय मोडतील, अशी सासऱ्यांची सक्त ताकीद होती. पण तिसऱ्या उन्हाळ्यात ते तापानं पडले आणि कळप माझ्याकडे आला. रानात काडी नव्हती. खदानीत मात्र पिवळ्या, गोड शेंगांचा सडा पडलेला. चार दिवस चोरून नेली. पोटं भरून तीच मेंढरं गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात बसली.

पाऊस पडला आणि त्या रानात कापसाच्या आधी येडी बाभळ उगवली. तिचं बी मेंढराच्या पोटात मरत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक? शेतकऱ्यानं लेंडीतून वर आलेला कोंबच उपटून आणला. "तुमची मेंढरं खदानीत चरायलीत. माझं रान नासलं!"

"न्हाई मालक," सासरे म्हणाले. "भंडारा उचलून सांगतो."

खंडोबाचा भंडारा हातात घेऊन आमचा माणूस खोटं बोलत नाही, हे गावाला माहीत होतं. सासऱ्यांनी देवापुढची वाटी आणली. खोटा भंडारा उचलला तर घर बुडतं, आणि हा भला माणूस तर खरं समजूनच उचलत होता.

"मामा, उचलू नगा," मी म्हणाले. "मीच नेली व्हती."

त्या वर्षापासून आमची मेंढरं कुणीच रानात बसवून घेईना. त्या शेतकऱ्याच्या रानातली झुडपं आम्ही खणून काढली, तर मुळातून पुन्हा फुटली. सासू म्हणाली, हात दाखवून अवलक्षण! जीव नकोसा झाला होता मला. दिवाळीआधी कळप विकायचं ठरलं.

सासरे मला एका शब्दानंही रागावले नाहीत. बाजाराच्या सकाळी त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच हाक, बाई. माझ्यानं व्हायचं न्हाई."