टाका मारलेले नट

खरं नाव त्याला होतं, पण ते कागदपत्रांपुरतं. गिऱ्हाईक, शेजारचा पंक्चरवाला, खुद्द त्याची बायको, सगळे त्याला काजवाच म्हणायचे. हे नाव वहिनीने ठेवलेलं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा नऊ वर्षांचा, आई गेलेला, अंधाराला घाबरणारा, पांघरुणात टॉर्च लावून झोपणारा. तिसऱ्या दिवशी तिने पांघरूण ओढलं आणि ओरडली, "अगं बाई, घरात काजवा पाळलाय आणि मला कुणी बोललं नाही!" टॉर्च मात्र काढून घेतला नाही. सकाळी नवे सेल आणून दिले, वर एक सणसणीत शिवी दिली. शिव्या देण्यात वहिनीचा हात धरणारा कुणी नव्हता. लाडाची शिवी वेगळी, रागाची वेगळी, आणि भाजी करपली तर स्वतःलाच घालायची ती तिसरीच.

पुढे काजव्याने उजेडाचंच दुकान मांडलं. डोंगरात, खडकाळीत, ओढ्यातून जाणाऱ्या गाड्यांना जादा दिवे बसवायचे, एवढंच काम. पत्र्याची शेड, मागची भिंत चुन्याने पांढरी, आणि भिंतीपासून बरोबर पंचवीस फुटांवर फरशीत खणलेली रेघ. गाडीची पुढची चाकं त्या रेघेवर. शटर खाली ओढलं की भर दुपारीही आत अंधार. मग काजवा खडू घेऊन भिंतीपाशी उभा राहायचा आणि तिथून ओरडायचा, "लाव!"

कामात तो भलता चोखंदळ. वायर कधी उघडी सोडणार नाही. पत्र्यातून जिथे आत जाते तिथे रबरी बूच बसवणार, रिले वेगळा, फ्यूज वेगळा, बटण चालकाच्या हाताला न बघता सापडेल अशा जागी. एक दिवा लांब फेकीचा, एक पसरट. आणि गिऱ्हाइकाला पहिली अट, "गाडी रिकामी आणायची नाही. जशी रानात जाणार तशीच भरून आण." कुणी हसलं तर सांगायचा, "मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं. नाक वर झालं की दिवा झाडावरची माकडं मोजत बसतो. तुला माकडं बघायचीत का रस्ता?" त्यामुळे त्याच्या शेडसमोर तंबू, पिंपं, दोर, कधी दोन शेरडं भरलेल्या गाड्याही उभ्या असायच्या. पंक्चरवाला म्हणायचा, "काजव्या, तुझ्याकडे गाड्या येतात का वराती?"

दुसरी गोष्ट त्याची एकट्याची होती. खडबडीत वाटेवर दिव्याचे नट हादऱ्यांनी सैल होतात आणि दिवे मान टाकतात. बाकीचे कारागीर दुहेरी नट लावत, वायसर घालत. काजवा दिव्याची नजर एकदा बसली की नटावर वेल्डिंगचा टाका मारायचा. बारीक, वाटाण्याएवढा. मग पाना लावा नाहीतर पहार, नट फिरायचा नाही. "गाडी मोडेल, पण माझा दिवा हलायचा नाही," हे तो छाती फुगवून सांगायचा, आणि खरंच त्याचे दिवे हलत नसत. लांबून लांबून गाड्या यायच्या त्या या टाक्यासाठीच.

दादाच्या जीपचे दिवे तर त्याने जीव ओतून बसवले होते. दादा आणि वहिनी डोंगरात रस्त्यांची मोजणी करणाऱ्यांच्या तळांवर जायचे. दादा गाडी हाकणार, वहिनी तीस माणसांचा स्वयंपाक करणार. मागे दोन सिलिंडर, मोठी शेगडी, पातेली, पाण्याचं पिंप, पोती, आणि या सगळ्यावर नजर ठेवत आडव्या बाकावर वहिनी. पुढे बसायला तिला आवडायचं नाही. "पुढे बसलं की याचं चालवणं दिसतं," असं ती म्हणायची. जीप जुनी, तिचे मूळचे दिवे म्हणजे मेणबत्त्या. म्हणून काजव्याने बंपरवर दोन मोठे दिवे चढवले, सगळं सामान भरायला लावलं, वहिनीलाही तिच्या जागी बसवलं. शटर खाली, दिवे चालू, भिंतीवर दोन पांढरी वर्तुळं. "मी कशाला रे बसू? मी काय पोतं आहे?" मागून वहिनी. "पोत्याहून भारी आहेस, म्हणून तर," असं काजवा म्हणाला, आणि पुढची पाच मिनिटं त्याने जे ऐकलं ते पंक्चरवाल्याने शटराबाहेर उभं राहून ऐकलं आणि महिनाभर गावभर सांगितलं. त्याच दिवशी काजव्याने चारही नटांना टाके मारले.

त्याला तीन वर्षं झाली. मग एका संध्याकाळी तळावर चपात्या लाटता लाटता वहिनी एका अंगावर कलंडली. तोंड वाकडं झालं, डावा हात गेला. दादाने मोजणीवाल्या पोरांच्या मदतीने तिला जीपमध्ये घातलं आणि डोंगर उतरू लागला. एरवीचा तो दीड तासाचा रस्ता. दवाखान्यात पोचायला त्याला साडेतीन तास लागले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. पहाटे ती गेली.

काजवा दवाखान्याच्या आवारात सगळ्या नातेवाइकांसमोर दादावर तुटून पडला होता. "साडेतीन तास? बैलगाडीने आणलीस का तिला? आयुष्यभर त्या रस्त्यावर गाडी हाकलीस आणि एका दिवशी हातपाय गळाले तुझे?" कुणीतरी त्याचा दंड धरला. दादा खाली बघत उभा होता. त्यानंतर काजवा दादाच्या घरी गेला तो तोंडदेखला, चार माणसांत बसला आणि उठून आला. बायकोला म्हणाला, "त्याच्याशी मला बोलवत नाही. तिने मला वाढवलं गं. याने तिला वाटेत घालवली."

पाच आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, जीप शेडसमोर येऊन थांबली. रिकामी. मागचा बाक पुसून काढलेला. दादा उतरला, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. ती लावून देणारं माणूस आता नव्हतं.

"दिवे खाली बघतायत," दादा म्हणाला. "आता नुसते निरोप आणि औजारं न्यायची तळावर. काही दिसत नाही पुढचं. बघ जरा."

काजव्याने मान हलवली. बोलायचं नव्हतं, पण कामाला नाही कसं म्हणणार. गाडी रेघेवर घेतली, शटर ओढलं, दिवे लावले. वर्तुळं जिथे पडायला हवी होती त्याच्या कितीतरी खाली, जवळजवळ फरशीला टेकली होती. काजवा भिंतीकडे बघत, रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो तसं, सवयीने बोलून गेला, "खाली पडणारच. भरल्या गाडीवर बसवलेत ना हे. मागचं वजन काढलं की नाक खाली जातं, दिवा चाकाच्या पुढे दहा पावलांवर पडतो. असा दिवा घेऊन उतारावर कुणी चालत्या माणसापेक्षा जोरात..."

तिथे त्याचं बोलणं थांबलं.

शेडमध्ये बॅटरीवरचे दिवे तेवढे जळत होते. काजव्याने वळून बघितलं, पण दिवे डोळ्यांवर होते. त्यांच्या मागे दादा त्याला दिसत नव्हता.

"दादा, त्या दिवशी सामान उतरवलं होतंस?"

"नाहीतर तिला झोपवणार कुठे? सगळं तळावरच टाकलं."

"मग... असेच पडत होते दिवे?"

"असेच."

काजव्याच्या हातात खडू होता. त्याचे बोटांत दोन तुकडे झाले. "तू उतरून वर का नाही केलेस? एक नट सैल करायचा, दिवा जरा उचलायचा. पाना नव्हता गाडीत?"

दिव्यांच्या मागून दादाचा आवाज आला, नेहमीसारखाच, सावकाश. "होता की. पहिल्या वळणालाच उतरलो. पाना लावला, नट फिरेना. हाताने बघितलं तर टाका. मग मागे दोन दगड टाकले, नाक वर होईल म्हणून. पण वळणावर ते सरकायचे, तिच्या पायाला लागायचे. ती ओरडू शकत नव्हती, नुसती बघायची. काढून टाकले दगड. मग पहिल्या गिअरमध्ये आलो. दरीच्या बाजूला काही दिसायचं नाही, तिथे उतरून चालत पुढे जाऊन बघून यायचो."

काजवा भिंतीला टेकला. चुना पाठीला लागत होता. त्याला आवारातले ते सगळे चेहरे आठवले, आपला चढलेला आवाज आठवला. "तेव्हा बोलला का नाहीस? मी तुला इतकं... सगळ्यांसमोर... एकदा तरी म्हणायचंस की हे तुझ्या नटामुळे झालं."

"ती आत तशी पडलेली असताना मीही तेच करायचं होतं का?"

"मग आज तरी इथे कशाला आणलीस गाडी? बाजारात दहा जण आहेत दिवेवाले."

"दुसऱ्याकडे नेली असती तर त्याने पहिलं विचारलं असतं, हे जाम कुणी केलं. मग मला सांगावं लागलं असतं. दोन दिवसांत सगळ्या बाजाराला कळलं असतं."

काजवा पुढे आला आणि बंपरसमोर फरशीवर बसला, दोन दिव्यांच्या मध्ये. "दादा, एक शिवी तरी दे रे. एक कानाखाली दे."

"शिव्या ती द्यायची," दादा म्हणाला. "मला येत नाहीत."

मग काजवा उठला. ग्राइंडर लावला. चष्मा घालायचं भानही नव्हतं, ते दादाने ओरडून सांगितलं, "डोळे सांभाळ." चार टाके, चार वेळा ठिणग्या. शेवटच्या टाक्याला चाकती दोनदा बंपरला घासली आणि रंग उडाला. जुने नट कापून फेकले, नवे बसवले, दुहेरी, मध्ये वायसर. पाना लावून एकदा सैल करून बघितला, पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. सहज फिरत होता. एखादी म्हातारी बाईही रस्त्यात उतरून फिरवू शकली असती. त्याने तो नट सात-आठ वेळा तरी फिरवला असेल.

"तू बस तुझ्या जागी," काजवा शेवटी म्हणाला. "एकट्याच्या वजनावर लावायचे ना?"

"एकट्याच्याच."

दादा स्टिअरिंगमागे बसला. काजवा नवा खडू घेऊन भिंतीपाशी गेला. दिव्याच्या उंचीची रेघ मारली, तिच्या खाली दोन बोटांवर दुसरी. हे त्याला झोपेतही जमलं असतं. परत येऊन डावा दिवा उचलला, भिंतीकडे जाऊन बघितलं, परत येऊन अंमळ खाली घेतला. मग उजवा. चार खेपांत दोन्ही वर्तुळं बरोबर रेघेवर येऊन बसली. नट आवळले. काम झालं होतं.

तो पुन्हा भिंतीपाशी गेला आणि खडू टेकवून उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून. त्याची सावली समोर भिंतभर पसरली होती. त्याला माहीत होतं, आता झालं म्हणायचं, दादा दिवे बंद करेल, शटर वर जाईल, आणि मग दादाच्या तोंडाकडे बघावं लागेल.

"झालं का रे?" मागून दादा.

"थोडं राहिलंय."

दोन मिनिटं गेली. बाहेर पंक्चरवाला ट्यूबवर हातोडी मारत होता.

"झालं?"

"थोडं... उजवा जरा..."

उजव्याला काही झालं नव्हतं. दादा तीस वर्षं गाडी चालवत होता, त्याला भिंतीवरचं समोर दिसत होतं. काजव्याचे खांदे हलायला लागले, आधी हळू, मग जोरात, आणि खडू भिंतीवरून खाली घसरत गेला.

"बॅटरी उतरेल काजव्या," बऱ्याच वेळाने दादा म्हणाला.

"उतरू दे."

दादाने बटणाकडे हात नेला नाही. तसाच बसून राहिला.